फायनलची राहिलेली पेनल्टी

हाडांच्या दवाखान्यात माझ्या पुढच्या बाकावर दोन म्हातारे बसले होते. एक भट्टी खात्याचा सेंटर फॉरवर्ड, दुसरा पॅकिंग खात्याचा गोलकीपर. कारखाना बंद पडून जमाना झाला, पण दोघांनी आपापलं खातं सोडलेलं नव्हतं.

"आज गुडघा बदलला की तुझी पेनल्टी बाद."

"का म्हणून? फायनलची पेनल्टी आहे ती. पंचांनी दिलेली."

"दिली, पण तेवढ्यात भोंगा झाला आणि सगळे पाळीवर गेले. पंचही गेले, ते तर लेथवर होते."

"पुढच्या रविवारी मारणारच होतो. मैदानावर गोदामाचा पाया खणला, त्यात माझा काय दोष?"

"दोष नाही रे. पण नवा गुडघा त्या सामन्यात नव्हता. तो बदली खेळाडू झाला."

"मग आत्ताच मारतो, जुन्यानं. तू त्या ऑपरेशनच्या दारात उभा राहा."

"आणि बॉल?"

"ह्याचं हेल्मेट आहे की."

मी हेल्मेट दिलं. काच वर करून दिली. गोलकीपर दारात जाऊन वाकला.

"डावीकडे मारणार तू. तेव्हापासून ठाऊक आहे मला."

"ठाऊक असूनही तुला अडवता यायचं नाही."

दार आतून उघडलं.

"बाजूला व्हा आजोबा. गुडघ्याचे पेशंट कोण? चला आत."

"घ्या. परत भोंगा झाला."

"जा तू. नवा गुडघा घेऊन ये, चालेल मला."

"आणि बदली खेळाडूचं काय?"

"माझे तरी दात कुठे त्या सामन्यातले आहेत? जा, मी दारातच आहे."