आठव्या सरदाराचा कान

अधीक्षक : केस जरा मागे घ्या.

लेक : काय?

अधीक्षक : डावीकडचे. कानावरून मागे घ्या. हं! वाटलंच मला. वरची कड वहीचं पान दुमडावं तशी दुमडलेली.

लेक : जन्मापासून आहे, मॅडम. ऐकायला नीट येतं.

अधीक्षक : चेष्टा पुरे. या चित्रात राजाच्या मागे हा जो आठवा माणूस उभा आहे, त्याचाही डावा कान असाच आहे. आणि एक्केचाळीस वर्षांपूर्वी या संग्रहालयातून ज्या कारागिराला काढून टाकलं त्याचाही असाच होता, असं आमचे सर, तेव्हाचे अधीक्षक, सांगायचे. तो तुमचा कोण?

लेक : ते माझे वडील.

अधीक्षक : आणि हे तुम्ही अर्जात लिहिलं नाहीत.

लेक : सासरचं नाव लिहिलं, ते काही खोटं नाही. माहेरचं लिहिलं असतं तर या खोलीत मला पाऊल ठेवू दिलं असतंत?

अधीक्षक : मुळीच नाही.

लेक : बघा.

अधीक्षक : बघा काय! सहाशे वर्षांपूर्वीचं चित्र आहे हे. राजा आणि त्याचे सात सरदार. जुन्या यादीत सात, पाठ्यपुस्तकात सात, खालच्या पितळी पट्टीवरसुद्धा सात. मी तुम्हाला नुसती काजळी पुसायला बोलावलं होतं. तुम्ही तीन आठवड्यांत कोपऱ्यातला अख्खा पडदा पुसून टाकलात आणि त्याच्यामागून हे ध्यान बाहेर काढलंत!

लेक : तो पडदा मूळ चित्रातला नव्हताच. बाबांना काढल्यावर तुमच्या सरांनी तो दुसऱ्याकडून रंगवून घेतला होता. स्पिरिटचा बोळा लावला की सुटून येत होता.

अधीक्षक : सरांनी तो का रंगवून घेतला? कारण तुमच्या वडिलांनी राजाच्या दरबारात स्वतःला घुसवलं होतं! बाकीच्या सातही जणांच्या टोप्यांना पट्टे आहेत, कान झाकलेले आहेत. उघडा कान या एकाचाच, आणि तोही दुमडलेला. आता मुलगी उठून सांगते की माणूस अस्सल आहे. उंदराला मांजर साक्ष!

लेक : मग दुसरा साक्षीदार बोलावू? बाबा बाहेर बाकावर बसलेत.

अधीक्षक : इथे? आज? पाच वाजता समिती येतेय. समिती म्हणाली ‘पडदा परत घाला’, तर मी पडदा घालणार. आणि या वेळी असा, की पुढची दोनशे वर्षं निघणार नाही.

लेक : म्हणून तर आज आणलं. त्यांचं वय ब्याऐंशी आहे, मॅडम. त्यांना एकदा डोळ्यांनी बघू द्या. मग घाला काय घालायचं ते. बाबा, या आत. सांभाळून हं, उंबरा उंच आहे.

बाबा : उंबरा मला ठाऊक आहे गं. चौदा वर्षं ओलांडलाय. पण जिन्याच्या पायऱ्या वाढवल्यात का हो तुम्ही? बावीस होत्या.

अधीक्षक : बावीसच आहेत.

बाबा : मग माझे गुडघेच वाढले म्हणायचे. नमस्कार. तुम्ही आत्ताच्या साहेब का?

अधीक्षक : नमस्कार. बसा. त्या खुर्चीत बसा.

बाबा : बसतो. आधी... अरे! आहे की हा! पोरी, हा आहे! मला वाटलं, खरवडून टाकला असेल. एक्केचाळीस वर्षं मी धरूनच चाललो होतो की खरवडला. कसा रे आहेस बाबा?

लेक : रडू नका ना.

बाबा : रडत नाहीये. बरं, रडतोय. तुला काय त्याचं? उजेड कर जरा इकडे.

अधीक्षक : आजोबा, एक सांगते, म्हणजे नंतर गैरसमज नको. मी सरांची विद्यार्थिनी. ते पहिल्या तासाला तुमची गोष्ट सांगायचे. ‘दुरुस्ती करता करता एक रंगारी स्वतःच सरदार झाला,’ म्हणायचे. अख्खा वर्ग हसायचा. मीही हसायचे. आणि आता नव्या मुलांना मीही तीच गोष्ट सांगते.

बाबा : सांगा की. गोष्ट चांगली आहे. मी त्यात नसतो तर मीही हसलो असतो.

लेक : बाबा!

बाबा : काय बाबा? त्या गोष्टीपायी मी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. ‘उधारी बंद’ इतक्या वेळा लिहिलंय की झोपेतही लिहीन. तुझी आई एकदाच बोलली, ‘तुम्ही नाही ना हो काढलात तो?’ मी म्हटलं, नाही. त्यानंतर तिनं तो विषय मरेपर्यंत काढला नाही.

लेक : मॅडम, हे भिंग घ्या. राजाच्या खांद्यापासून बघत या. चित्राखालची लाकडी फळी आकसली, रंगाला भेगा पडल्या. एक भेग धरा. राजाच्या खांद्यावरून निघाली, सातव्याच्या दाढीतून गेली, आता आठव्याच्या गालात शिरली. दिसतेय? सहाशे वर्षांची भेग कालच्या रंगातून कशी जाईल?

अधीक्षक : भेगा रंगवताही येतात. सुईनं कोरताही येतात. सर म्हणायचे, तुमचे वडील त्यात वस्ताद होते.

लेक : एवढ्या? हजार भेगा?

अधीक्षक : थांबा. बोलू नका. गालातून पुढे... पुढे... हं. आणि इथे कानाशी येऊन थांबल्या.

लेक : काय?

अधीक्षक : तुम्हीच बघा. गालावर जाळं आहे. कानावर एकही भेग नाही. कान कसा गुळगुळीत, काल काढल्यासारखा. तीन आठवडे भिंग घेऊन बसलात, हे दिसलं नाही तुम्हाला?

लेक : मी...

अधीक्षक : बोला ना.

लेक : मी तिकडे भिंग नेलंच नाही. सगळीकडे नेलं, कान सोडून. मला भीती वाटत होती. आमच्या घरातलाच कान आहे तो, मला दिसत नव्हता का? बाबा, तुम्ही म्हणायचात, ‘मी त्याला केसाइतकाही हात लावला नाही.’ लहानपणापासून ऐकतेय मी हे वाक्य. सांगा ना यांना!

बाबा : कान माझा आहे.

लेक : बाबा...

बाबा : मी काढला. पाणी दे गं थोडं. आणि ऐका दोघीही, मला दोनदा सांगायला जमणार नाही. वरचा काळा थर मी काढला तेव्हा हा खाली उभाच होता. चेहरा, दाढी, हात, सगळं जागच्या जागी. राजाच्या मर्जीतून उतरला असेल बिचारा, म्हणून कुणीतरी त्याला काळ्यात बुडवला असणार. फक्त कानाच्या जागी रंग उडाला होता, पांढरा खळगा होता नुसता. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते. तिथे काय होतं ते मला कळेना. टेबलावर छोटा आरसा पडला होता. उलटं चित्र बघितलं की चूक चटकन दिसते, म्हणून आम्ही ठेवतो तो. त्यात मला माझा कान दिसला. म्हटलं, चला, हा घालू.

अधीक्षक : आणि नोंदवहीत?

बाबा : तिथेच घोडं पेंड खातं. चौदा वर्षांत मी कापसाच्या बोळ्याएवढंसुद्धा काम नोंदल्याशिवाय सोडलं नाही. हे तेवढं ‘उद्या लिहू’ म्हणून राहिलं. आणि खरं सांगू? जरा लाजही वाटली. मनातून मजाही वाटत होती, की राजाच्या मागे आपला कान लागला! सकाळी तुमचे सर आले, त्यांनी कान बघितला, मला बघितलं, आणि भडकलेच. मला वाटलं, कानाचं कबूल केलं तर म्हणतील, सगळा माणूसच याचा. म्हणून म्हटलं, केसाइतकाही हात लावला नाही. हे एक खोटं बोललो, आणि त्याच्यापायी सगळं खरं बुडालं.

लेक : आईलासुद्धा नाही सांगितलंत?

बाबा : तिनं माणसाचं विचारलं होतं. कानाचं विचारलं नव्हतं.

अधीक्षक : आजोबा, मी तुमचा मान राखून बोलते. ज्यानं कान काढला त्यानं बाकीचं काढलं नाही, हे मी कशावरून मानायचं? क्ष-किरण तपासणीला तीन महिने लागतात. समितीला यायला पन्नास मिनिटं.

बाबा : थुंकी लागेल फक्त.

अधीक्षक : काय लागेल?

बाबा : थुंकी. तोंडातली. मॅडम, मी कधीही दुरुस्ती केली तर पाण्याच्या रंगात केली. आणि सपाट नाही, बारीक उभ्या रेघांनी, म्हणजे जवळ येणाऱ्याला कळावं की हे नंतरचं आहे. मूळ चित्रकाराचा रंग तेलातला. पाण्याला, थुंकीला तो दाद देत नाही. माझा मात्र मिनिटभरात सुटतो. माझ्यानंतर येणाऱ्याला माझी चूक पुसता यावी, म्हणून. माझ्या गुरूंनी हातावर पट्टी मारून शिकवलंय ते.

लेक : हो मॅडम, आम्ही अजूनही तसंच करतो. मी आत्ता काडीला कापूस गुंडाळते आणि...

बाबा : तू नाही. मीही नाही. मॅडम करतील. त्यांचीच थुंकी आणि त्यांचाच हात. उद्या कुणी म्हणायला नको, बापलेकीनं मिळून काही केलं.

अधीक्षक : मी? सहाशे वर्षांच्या चित्रावर थुंकी?

बाबा : थुंकायचं नाहीये हो. काडी जिभेवर फिरवायची, आणि बोळा हलकेच गोल फिरवायचा. घासायचं नाही. झोपलेल्या बाळाचं तोंड पुसतो तसं.

(अधीक्षक चष्मा कपाळावर सरकवतात, काडीचा कापूस जिभेवर फिरवतात आणि चित्रापाशी वाकतात.)

लेक : आधी कानावर.

अधीक्षक : कानावरच ठेवलंय. काही नाही... अजून काही नाही... अगं बाई! गुलाबी!

लेक : बघू.

अधीक्षक : कापूस गुलाबी झाला. आणि रेघा दिसतात खरंच, बारीक उभ्या रेघा. सुटतोय. कान सुटतोय! दुसरी काडी द्या. आणखी एक. गेला. कान गेला, आजोबा.

बाबा : जाऊ दे. आता गालावर.

अधीक्षक : गालावर... थांबा, ताजी काडी घेते.

बाबा : घ्या. घाई नाही, सहाशे वर्षं थांबलाय तो.

अधीक्षक : गाल. कापूस तपकिरी झाला. मळ आहे हा. नवी काडी. आता पांढराच्या पांढरा. डोळा, पांढरा. दाढी, पांढरा. हात, अंगठी... काही सुटत नाही. काहीच सुटत नाही!

लेक : बाबा, ऐकताय ना? काही सुटत नाही!

बाबा : ऐकतोय. कान ठीक आहेत माझे.

अधीक्षक : थांबा, थांबा. कानाखालच्या पांढऱ्या लेपात काहीतरी आहे. दिवा आडवा धरा. अजून आडवा. ही रेघ आहे. रंगाची नाही, टोकदार कशानं तरी ओढलेली.

लेक : खोदरेघ! रंग लावायच्या आधी चित्रकार ओल्या लेपात आखून घ्यायचे ती. बाकी सातांच्या भोवतीही आहे. मी नोंदवलीय.

अधीक्षक : मला ठाऊक आहे ती काय असते, मी शिकवते ते. ही गालाच्या कडेनं खाली येते, हनुवटीखाली वळते, वर टोपीत जाते... अहो, हा पट्टा आहे! टोपीचा पट्टा! याचाही कान झाकलेलाच होता.

बाबा : म्हणजे?

अधीक्षक : म्हणजे मूळ चित्रकारानं पहिल्याच दिवशी, रंगाचा थेंबही लावण्याआधी, या माणसाची जागा आखून ठेवली होती. खोदरेघ नंतर कुणाला घालता येत नाही, वर रंग असताना तर नाहीच. आठवा पहिल्यापासून आठवाच होता. आणि तुमचा कान...

बाबा : तिथे कान नव्हताच! हाहा! अगं, एक्केचाळीस वर्षं ज्या कानापायी भोगलं, तो कान तिथे नव्हताच मुळी! बाकीच्या सात टोप्या माझ्यासमोर होत्या आणि मी गाढव आरशात बघत बसलो!

लेक : हसताय काय!

बाबा : मग काय करू? तूही हस. आज हसायचाच दिवस आहे.

अधीक्षक : सर चुकले.

लेक : काय म्हणालात?

अधीक्षक : मोठ्यानं म्हणते. सर चुकले. त्यांनी एक काडी ओली केली असती तर चाललं असतं, पण केली नाही. मीही केली नाही. एकोणीस वर्षं मी या चित्राशेजारी उभी राहून ‘सात’ म्हणत आले. काका, तुमची मी माफी मागते. समितीसमोर परत मागेन, आणि लेखी मागेन. पितळी पट्टी बदलेल. यादी बदलेल. पाठ्यपुस्तकवाल्यांना मी स्वतः पत्र लिहीन. आणि चित्राखाली तुमचं नाव येईल, ‘आठवा सरदार प्रथम उजेडात आणणारे’ म्हणून.

बाबा : नाव घाला, नको म्हणणार नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांचीच नावं रंगवलीत मी. पण त्याआधी एक काम राहिलंय. ती जुनी नोंदवही आहे का हो?

अधीक्षक : आहे. कपाटात, वरच्या कप्प्यात. घ्या. हे तुमचं शेवटचं पान.

बाबा : माझंच अक्षर. काय टपोरं होतं तेव्हा! पोरी, माझा हात चालत नाही, तू लिही. ‘आठव्या सरदाराच्या डाव्या कानाच्या जागी रंग उडाला होता. तिथे आरशात बघून माझा कान काढला. तिथे टोपीचा पट्टा होता. चूक माझी.’ लिहिलंस?

लेक : लिहिलं. तारीख कुठली घालू? तेव्हाची घालू का, पानावर तिचीच जागा आहे.

बाबा : आजची घाल. खरं आज बोललो.

लेक : घातली. मॅडम, जिन्यात पावलं वाजतायत. आली वाटतं समिती.

बाबा : उठतो मी. माझी काठी कुठे गेली? त्यांना बसायला खुर्ची लागेल.

अधीक्षक : तुम्ही बसा, काका. समिती उभी राहील.