साहेबाच्या भाषेतली लेडी

त्या गोऱ्या साहेबाच्या विद्वत्तेचं कौतुक माझ्यासमोर करू नका बे, अजून डोकं तापते माझं! मी तेव्हा देऊळघाटले मास्तर होतो. दौऱ्यावरच्या साहेबाचा तंबू गावात लागला की गावानं फुकट राबायचं, असा दस्तूर. साहेब अन् मडम आंब्याखाली खुर्च्यांवर, अन् गावातली काशीबाई सकाळपासून उन्हात त्याच्या लवाजम्यासाठी भाकरी थापून राह्यली.

साहेबाले जुन्या इंग्रजी शब्दांचा भारी नाद. मले इंग्रजीत म्हणे, "मास्तर, लोकायले सांग. मुळात लॉर्ड म्हणजे भाकरीचा राखणदार, अन् लेडी म्हणजे पीठ मळणारी."

मी सांगितलं.

काशीबाईनं पिठाचा हात तसाच वर केला. "मास्तर, साहेबाले इचारा, पीठ तं मी मळून राह्यली. मंग मी उन्हात अन् त्याची बाई खुर्चीवर काऊन?"

साहेबानं विचारलं, "काय म्हणते?"

माझी जीभच रेटेना. म्हटलं, "हुजूर, अर्थ लई आवडला म्हणते."

साहेब खूश होऊन हसला. काशीबाईनं आधी त्याच्याकडे पाह्यलं, मंग माझ्याकडे.

"हासला तो. म्हणजे तुम्ही सांगतलंच नाही."