कट्ट्यापासून बारा फूट

नाही, ‘माहिती नाही’वर खूण करू नको, रम्या — मला माहीत आहे की. ह्या हेब्बाळात त्या थंडीच्या साठवणीबद्दल माझ्याइतकं कुणी ऐकलं नसेल. बस, स्वल्प कॉफी घे. जमिनीत खोल भोकं पाडायची, नळ्या सोडायच्या, नळ्यांतून पाणी फिरवायचं — डिसेंबरची थंडी खाली मुरवायची आणि एप्रिलात वर काढून घरं गार करायची. लोणचं घालतात तसं, मी म्हणायची. आमचे हे हसायचे. पीण्या भागातल्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते — नळी म्हटलं की जेवण विसरायचे.

आता पुन्हा ती साठवण करायची का, लोकांना काय वाटतं ते लिहायचंय ना? लिही. पाच वर्षांपूर्वी ह्यांनीच कॉलनीत हे काढलं, तेव्हा म्हणाले, बोअर आटेल. हे समजावायचे, अहो, तेच पाणी फिरतं, उपसायचं नाही. समोरची वसुमतीअक्का म्हणाली, माझा नारळ करपेल. हे दारोदार फिरले, आणि बघ, एकेक जण कबूल झाला — अक्कासुद्धा. मग सभा झाली. सगळे ‘सरी, ज्योतिबाअण्णा, चालेल’ म्हणत होते, हात वर झाले होते, आणि कुणीतरी विचारलं — पिंपळाखाली नागरकट्ट्याजवळ भोकं पाडणार, खालच्या नागाला त्रास झाला तर?

कोणी? ते राहू दे. पुढचा प्रश्न विचार.

मीच ग. मी विचारलं. कट्ट्यावर आमचा दगडाचा नाग आहे, आमची लेक शिवलीला पोटी यावी म्हणून बसवलेला. सभेच्या वेळी ती पोटुशी होती, सातवा महिना — मला भीती वाटली, दुसरं काही नाही. पण मग एकेक हात खाली आला. बायको विचारते म्हणजे काहीतरी असेलच, असं वाटलं असेल लोकांना. हे घरी येऊन जेवले. ताकभातही खाल्ला. “घरात विचारायचंस की,” एवढंच म्हणाले. परत कधी तो विषय नाही.

गेल्या श्रावणात ते गेले. मग ट्रंकेत हा नकाशा सापडला — बघ, पेन्सिलीनं सगळ्यात आधी फणा काढलाय, आणि भोकं सगळी कट्ट्यापासून बारा फूट लांब. तो दगड त्यांनीच खांद्यावरून आणला होता, ते कसे विसरतील? हा कागद महिनाभर जेवायच्या टेबलावर असायचा. मी त्यावर चपात्यांचा डबा ठेवायची. हे तेलाचं वर्तुळ आहे ना — ते डब्याचं.

‘हो’ लिही. पण नाव ह्यांचं घाल. — चालत नाही? खरंच, गेलेल्या माणसाला कोण विचारतं. माझं नको. माझा ‘हो’ तेव्हा हवा होता.

घर बंद होतं, असं लिही. ह्यांचा नकाशा दे इकडे. कॉफी राहिली तर राहू दे — अक्काकडे जा आधी, ती जेवून झोपते.