मागच्या सतरंजीवरून भाषांतर

स्वामीजींच्या प्रवचनाला बायकांनी मागेच बसायचं आणि का, ते विचारायचं नाही, हे मला लहानपणापासून सांगितलेलं. आता तिकडे वेल्समध्ये, कार्डिफला काय झालं ते ऐका.

सत्त्याऐंशी साल असेल. स्वामीजी फक्त मराठीत बोलायचे आणि तिथल्या आमच्या भक्तमंडळाच्या कमिटीला गोरे भक्त हवे होते. म्हणून भाषांतराला मी, युनिव्हर्सिटीत शिकणारी. चर्चचा हॉल घेतला होता. गोऱ्या बायका पाहुण्या, त्यांना पहिल्या रांगेत खुर्च्या. आपल्या बायका पार शेवटी सतरंजीवर, आणि मीही तिथेच. म्हणजे स्वामीजी पुढे हळू बोलणार आणि मी मागून इंग्रजीत ओरडणार.

स्वामीजी म्हणाले, "आत्म्याला स्त्री-पुरुष हा भेद नाही." मी ओरडून सांगितलं. पुढची एक वेल्श नर्स मागे वळली.

"मग तू तिकडे का बसलीस?"

कमिटीचे अध्यक्ष डॉक्टरकाका लगबगीने माझ्याजवळ आले. "सांग तिला, आमच्या मुलींना मागेच बसायला आवडतं."

"मला नाही आवडत, काका."

"अगं, लोक बघतायत. नुसतं भाषांतर कर."

"हे भाषांतर नाही, खोटं आहे. ते मी सांगणार नाही. स्वामीजींचं पुढचं वाक्य इंग्रजीत हवं असेल, तर मला पुढे खुर्ची द्या."

काकांनी कमिटीकडे पाहिलं. कमिटीत माझे बाबाही होते. ते उठले आणि आपली खुर्ची उचलून पहिल्या रांगेत ठेवून आले.