मधली दांडी

नाही हो डॉक्टर, दुखत काहीच नाही — दुखलं असतं तर बरं झालं असतं, निदान गोळी तरी घेतली असती. डोळ्यांत थेंब जरा थांबून घाला. आधी ऐका. मी दीर्घिका बघते — म्हणजे लांबचे ताऱ्यांचे समूह, दुर्बिणीनं घेतलेल्या फोटोंतून — आणि कोणती कशी आहे ते ठरवते. काहींच्या मधोमध ताऱ्यांची दांडी असते, आणि दांडीच्या दोन्ही टोकांना वळलेले हात. तशी एक मला सापडली, फार लांबची, विश्व अगदी कोवळं असतानाची — तेव्हा दांडी तयार व्हायला वेळच मिळाला नसेल असं सगळे धरून चालले होते. उद्या जाहीर करायचंय. पत्रकार यायचेत, सुनेनं कपडेसुद्धा इस्त्री करून ठेवलेत. कॉम्प्युटर? तो म्हणतो असेलही, नसेलही — फोटो म्हणजे चार धुरकट ठिपके हो. शेवटी डोळेच. म्हणून आमच्याकडे दोघं बघतात, वेगवेगळे, एकमेकांना चकार शब्द न सांगता — नियमच आहे तसा. पण मी इतकी हरखले, की कामातल्या जोडीदाराला ओढतच आणलं — बघ, दांडी बघ! तो बिचारा बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, हो मॅडम, आहे. आता मॅडमना नाही कोण म्हणणार?

आणि काल भांडी घासत होते. पांढऱ्या बशीत मधोमध तिरकी रेघ. घासली, परत घासली — जाईना. नवरा म्हणाला, अगं लख्ख आहे बशी, कशाला जीव काढतेस तिचा? म्हणजे रेघ बशीत नाही, माझ्या डोळ्यांत. तेव्हापासून भिंतीकडे बघायचीही भीती वाटते — तिथंही दिसली तर? जन्मभर याच डोळ्यांच्या भरवशावर जगले हो. डोळेही जायचे आणि दीर्घिकाही, दोन्ही एकदम?

फोटो आणलाय मी. पर्समध्येच आहे. हा घ्या. माझ्याकडे नका बघू, फोटोकडे बघा. नीट. घाई नाही. मधे काय दिसतं?

दांडी? खरंच? कुठून कुठपर्यंत — हो, अगदी तशीच! अहो, जीव भांड्यात पडला माझा, तुम्हाला सांगते —

थांबा. मीच सांगितलं ना तुम्हाला. फोटो दाखवायच्या आधीच. दांडी, दांडी करत बसले.

नको, आता काही बोलू नका. द्या तो इकडे. घाला थेंब.