धारगळला उतरायचं होतं

पेडण्याच्या बसमध्ये तनयाने शाळेची बॅग मांडीवर घेतली आणि कान मागच्या सीटवर ठेवले. तिथे विनिता नऊ महिन्यांच्या गौरेशला घेऊन सासूशेजारी बसली होती.

"गावात गोवर कुठे आहे गो? धारगळला उतरू. बारशाला सगळी जमली असतील."

"गोवराची लस आजच पेडण्याच्या दवाखान्यात द्यायची, आई. सिस्टर म्हणाल्या, या लशीने अंगातले राखणदार दुसऱ्या दुखण्यांनाही सावध होत असावेत."

"एका सुईत सगळी दुखणी?"

"सगळी नाही. आपल्या टिपू कुत्र्याने एकदा काजूच्या बागेतून माकड हाकललं, तेव्हापासून रानडुक्कर आलं तरी तो आधी उठतो ना? तसं."

"टिपू दुपारभर लोळत असतो."

"राखणदारही तसेच पेंगतात, म्हणून तर पुढचा डोसही चुकवायचा नाही. गेल्या महिन्यात ह्याची छाती भरली, तेव्हा माझ्याआधी तुम्हीच रडला होतात."

"धारगळ, धारगळ," कंडक्टरने हाळी दिली.

"तुम्ही उतरा, आई. मी पुढे जाते."

"आणि सुई टोचताना त्याचे पाय कोण धरणार? सरक तिकडे."

बस सुटली. ऐकण्याच्या नादात धारगळच्या शाळेत जाणारी तनयाही आतच राहिली होती.