थोरलीची तीन मतं

मी मूळची तासगावची, लग्न होऊन पुण्यात आले, मग हे जर्मनीत न्युरेम्बर्गला कंपनीत लागले म्हणून इकडं, आणि शहरात घर मिळेना म्हणून या खेड्यात, म्हणजे गावातली पहिली मराठी बाई मी, हे आधी लिहा. धाकटे दीर आणि वृषाली, माझी जाऊ, चार वर्षांनी आले. तिला कचरा वेगळा करायला मी शिकवलं, राटहाउसमध्ये, म्हणजे गावच्या कचेरीत, नाव नोंदवायला मी नेलं, जर्मन तर अजूनही माझंच चांगलं, गेनाऊ, अगदी बरोबर. ती क्रियापद कुठंही टाकते आणि लोक कौतुकानं ऐकतात, मी चुकले की मला दुरुस्त करतात बघा.

पुढं दोघी इथल्या नागरिक झालो, तर गावातल्या पक्षातसुद्धा तिला मीच नेलं. उन्हाळी मेळाव्याला दरवर्षी केक मी करायचे, खुर्च्या मी मांडायचे, आणि गेमाइंडेराट, म्हणजे आपली ग्रामपंचायतच की, तिच्या निवडणुकीला पक्षानं यादीत नाव घातलं कुणाचं, तर हिचं. तेही सगळ्यात शेवटी, शोभेला. आता इथली रीत अशी, की गावात चौदा जागा तर प्रत्येकाला चौदा मतं, आणि एका माणसाला त्यातली तीनपर्यंत देता येतात. लोकांनी त्या शेवटच्या नावाला तीन-तीन दिली. मीपण दिली, तेव्हा दिली, खोटं कशाला सांगू. पण ती खरंच निवडून आली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

आल्झो, तर आता बसचं सांगते. मी शेजारच्या गावी वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला, रोज बसनं जाते. ती बस बंद करायचा ठराव हिच्याच पक्षानं आणला. सभेत मी मागं बसून बघत होते, सगळ्या पक्षाचे हात वर आणि हिचा एकटीचा खाली. उभी राहिली आणि आपल्या मोडक्या जर्मनमध्ये म्हणाली, माझी मोठी जाऊ या बसनं कामाला जाते, तिच्यासारख्या म्हाताऱ्या बायकांनी काय चालत जायचं? म्हाताऱ्या! पंचावन्न वय माझं. काय सांगू तुम्हाला, बस वाचणार म्हणून आनंद मानायचा सोडून मी तिथं धुमसत बसले. गाव हिच्या बाजूनं उठलं, ठराव गुंडाळावा लागला, आणि पक्षानं हिला बाहेर काढलं. मला बरं वाटलं. म्हटलं, आता जिरली.

कसली जिरते! पुढच्या निवडणुकीला ही एकटी उभी, पक्ष नाही, काही नाही. टपालानं मतपत्रिका आली, टेबलावरच्या चादरीएवढी असते ती, मी जेवणाच्या टेबलावर पसरली. हिच्या नावापाशी पेन नेलं आणि तसंच पुढं सरकवलं. तीन मतं दिली एका गाईवाल्याला, ज्याच्याशी मी उभ्या जन्मात बोललेली नाही. गाईवाला पडला आणि ही आली निवडून, आधीपेक्षा जास्त मतांनी.

संध्याकाळी पेढे घेऊन घरी आली, वाकून नमस्कार केला, म्हणते ताई, कुणी नाही दिलं तरी तुमची तीन मतं आहेत, एवढ्या धीरावर उभी राहिले. मी डोक्यावर हात ठेवला आणि पेढे देवापुढं ठेवायच्या निमित्तानं पाठ फिरवली. तिला वाटलं, ताई गहिवरल्या.

हे ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगतेय, नावं बदलून लिहा. आता ती ब्युर्गरमाइस्टरला उभी राहतेय, सरपंचच म्हणा. बेकरीत मला विचारतात, तुम्ही वृषालीच्या कोण? बसचा ड्रायव्हरसुद्धा म्हणतो, वृषालीची बस. रोज त्याच बसमध्ये बसते मी, जाणार कुठं? पोटातलं दुखणं काही गेलेलं नाही, या वयात जाणारही नाही. सरपंचाला मात्र मत एकच द्यायचं असतं. मी देवापुढं दिवा लावते तेव्हा म्हणते, येऊ दे बाबा तिला निवडून, गुणाची आहे पोरगी. पण फार मतांनी नको. एका मतानं येऊ दे, आणि ते मत माझं असू दे.